लॅपटॉप घेताना धार काढून बघा
(मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले मार्गदर्शन)



संघाच्या कार्यालयासाठी लॅपटॉप घ्यायचा विषय पुढच्या सभेत ठरावाला येतोय. पैसा संघाचा, म्हणजे तुमचाच. म्हणून "ते लेखापाल ताई बघतील, आम्हाला काय कळतंय" असं म्हणून सही करू नका. म्हैस घेताना दोन वेळची धार काढून बघितल्याशिवाय आपण पैसे मोजत नाही. इथंही तेच करायचं.

आधी आपलं काम बघा. गटांचे हिशोब, बँकेचे कर्ज प्रस्ताव, कागद स्कॅन करून पाठवणं, अधूनमधून ऑनलाइन प्रशिक्षण. यात जड काही नाही. पण मशीन एसटीतून फिरणार, धूळ खाणार, चार जणींचे हात लागणार आणि लाईट नेमकी सभेच्या मधेच जाणार. म्हणजे आपल्याला वेगापेक्षा टिकाऊपणा हवा.

कंपन्यांच्या ऑफिसांसाठी लॅपटॉप वेगळे बनतात. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. कंपन्या काही वर्षांनी ते बदलतात, मग ते दुरुस्त होऊन बाजारात येतात. दुकानदार त्याला 'रिफर्बिश्ड' म्हणतो. नव्या स्वस्त मशीनपेक्षा असं जुनं दणकट मशीन आपल्याला बरं, असं माझं मत आहे.

उदाहरण म्हणून थिंकपॅड टी ४८० घ्या, २०१८ सालचं मॉडेल. त्याला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक खाली. आतलीत चार्ज असेल तर मशीन बंद न करता खालची बदलता येते. लाईटचा भरवसा नसलेल्या गावात ही मोठी सोय. मेमरीला दोन खाचा आहेत, गरज पडली तर वाढवता येते. कीबोर्डवर पाणी सांडलं तर खाली निघून जायला वाट ठेवलेली आहे (म्हणून चहाचा कप शेजारी ठेवायचा असं नाही हं!). उणं सांगायचं तर कॅमेरा साधा आहे, आणि काही मशीनला कमी प्रतीचा पडदा येतो. 'फुल एचडी' पडदाच मागा, नाहीतर हिशोबाचे रकाने एका वेळी मावत नाहीत.

आता दुकानातली तपासणी. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचं मशीन कितीही स्वस्त असलं तरी नको. गटांच्या बायकांचे आधार नंबर, खाते नंबर त्यात राहणार आहेत.

दुकानदाराला 'बॅटरी रिपोर्ट' काढायला सांगा, विंडोजमध्येच ती सोय असते. त्यात दोन आकडे बघा: बॅटरी नवी असताना किती साठवायची आणि आता किती साठवते. निम्म्यावर आली असेल तर बॅटरी बदलून मागा.

कीबोर्डवर मराठी टाईप करून बघा. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, ठ, ध ही अक्षरं शिफ्ट दाबूनच येतात. शिफ्ट अडकत असेल तर रोजचं रडगाणं.

आणि कुलूप. मशीन सुरू होतानाच्या बायोस सेटिंगला जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला असू शकतो. थिंकपॅडमध्ये तो विसरला तर कंपनीच्या नियमाने मदरबोर्डच बदलावा लागतो. म्हणून तुमच्यासमोर ती सेटिंग उघडून दाखवायला लावा. विंडोजही तुमच्यासमोर नव्याने टाकून घ्या. तेव्हा दुसऱ्याच कंपनीचं नाव विचारायला लागलं तर मशीन परत ठेवा.

पक्कं बिल घ्या. मशीनखालच्या चिठ्ठीवरचा सिरीयल नंबर बिलावर आणि आपल्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तोच हवा. वॉरंटी किती महिने आणि बॅटरीला आहे का, तेही बिलावरच लिहून घ्या. तोंडी बोललेलं ऑडिटला चालत नाही.

खरेदीला जाणाऱ्या तिघींची नावं ठरावातच घाला. त्यातली एक लेखापाल ताई असू द्या, रोज त्यावर बसायचं तिला आहे.