बालाघाटाचं रान



फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळ पालवणच्या डोंगरावर, सह्याद्री देवराईत, वृक्षसंमेलन भरलं आणि त्याचं अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं गेलं. याच जिल्ह्यात त्या वडानंतर अध्यक्ष म्हणून उभं राहायचं, तर झाडांच्या बाजूने बोलायला हवं. आज मी एकच आग्रह धरणार आहे. बीडच्या रानाला कोकणाचं माप लावू नका.

जिल्ह्याचं क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर. देशाच्या एक तृतीयांश भूभागावर वनं असावीत, असं १९८८ चं राष्ट्रीय वन धोरण सांगतं. आपलं वनाच्छादन पाच टक्क्यांनाही पोहोचत नाही. सभांमधून यावर हळहळ होते आणि मग खड्डे खणायला जेसीबी माळावर चढतो. माझी हरकत इथे आहे. त्या माळावर आधीपासून काय नांदतंय, हे कोणी पाहिलेलंच नसतं.

पाटोदा तालुक्यात नायगावला १९९४ मध्ये मयूर अभयारण्य झालं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. उन्हाळ्यात तिकडे गेलेला पाहुणा विचारतो, जंगल कुठे आहे? अशा रानात तेव्हा सालई, धावडा, खैर निष्पर्ण असतात. बालाघाट डोंगररांगेच्या मुरमाड उतारावर माती वीतभर, पाऊस चार महिन्यांचा आणि तोही बेभरवशाचा. तिथे बारमाही पान पोसणं झाडाला परवडत नाही. पान गाळून ते अंगातलं पाणी राखतं. खाली पडलेला पाचोळा वाळवी आणि बुरशी मातीत मिसळतात. बाभळीच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र धरून ठेवतात. कोल्हा बोरं खातो आणि बी भलत्याच उतारावर जाऊन पडतं. झाडं विरळ, म्हणून ऊन जमिनीपर्यंत येतं आणि मधल्या मोकळ्या जागेत कुसळी, पवन्या, मारवेल वाढतं. त्या गवतावर ससे आणि काळविटं जगतात, त्यांचा माग काढत लांडगा फिरतो. मोरालाही हेच मिश्रण लागतं: रात्री बसायला उंच झाड, दिवसा किडे आणि दाणे टिपायला उघडी जमीन. इथे सलग दाट लागवड केली की गवत सावलीत संपतं, आणि गवतावर जगणारे सगळे जातात. धनगराच्या मेंढ्याही त्यांतच आल्या. रानाचा आराखडा करताना त्या धनगराला बोलावतं कोण?

पाण्याचा विचार तर टाळताच येत नाही. मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावते, सिंदफणाही याच डोंगरात. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पाऊसच कमी झाला होता, हे खरं. पण जो पडतो त्याने जमिनीत मुरायचं की माती घेऊन धावत सुटायचं, हे बऱ्याच अंशी उगमाकडच्या उतारावरचं गवत ठरवतं. त्याची दाट, तंतुमय मुळं माती धरून ठेवतात आणि पाण्याचा वेग मोडतात. वर्षभराच्या रोपाला ते जमत नाही.

म्हणून वनखातं आणि ग्रामपंचायतींकडे माझं मागणं आहे. जिथे गवत जिवंत आहे, तिथे खड्डे नकोत. काही वर्षं चराई फिरती ठेवा, पुरे. उघड्या पडलेल्या उतारावर झाडं लावायचीच, तर हिवर, खैर, धावडा, सालई, आपटा लावा. मध्य अमेरिकेतून आलेलं गिरिपुष्प लवकर हिरवं दिसतं, म्हणून ते लावू नका. आणि रोपांइतकाच पैसा वणवा रोखण्यावर खर्च करा. पालवणच्या देवराईनेही आग सोसली आहे. जाळरेषा काढायचं काम गवत वाळल्यावर येतं, म्हणजे नेमकं आपल्या गावांतून बैलगाड्या आणि ट्रक भरभरून माणसं ऊसतोडीला जातात तेव्हा. ते काम गावातच, वेळेवर आणि पुरेशा मजुरीने मिळालं, तर त्यांतल्या काही घरांना तरी त्या वर्षी कोयता उचलावा लागणार नाही. या संमेलनाने तसा ठराव आजच करावा, अशी माझी विनंती आहे.