गटाची पेटी आणि गटाचा मेल

रोवणीची धावपळ संपली, आता निंदणापर्यंत जरा उसंत आहे. म्हणून आज कागदांविषयी बोलू. विषय कंटाळवाणा वाटेल, पण ऐका.

मागच्या वर्षी आमच्या गटातली एक बहीण गेली. आजार थोड्या दिवसांचाच. चौदावी झाल्यावर तिचा नवरा विचारत आला, "तिनं कशाचा विमा काढला होता का हो?" घरात पासबुक सापडत नव्हतं. आमच्या पेटीत तिच्या नावाचा लिफाफा होता. त्यात प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेच्या अर्जाची बँकेचा शिक्का असलेली प्रत आणि 436 रुपये कापल्याची नोंद दिसणारी पासबुकाची झेरॉक्स होती. ही योजना 1 जून ते 31 मे अशी चालते आणि मृत्यू झाला तर वारसाला 2 लाख रुपये मिळतात. लिफाफा दहा मिनिटांत हाती आला. मृत्यूचा दाखला जोडून दावा बँकेत दिला, पैसे लेकरांच्या कामी आले. बाकीच्या बायांनी त्याच आठवड्यात आपापले लिफाफे भरून टाकले, सांगावं लागलं नाही.

ही पेटी लावायची रीत आम्ही सरकारी कचेरीकडून घेतली. हसू नका. कचेरीत फाईल सापडत नाही, हे आपण सगळ्यांनीच भोगलं आहे. पण त्यावर इलाजही आपल्याच राज्यात झाले. 1980 च्या दशकात अहमदनगरला अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी वर्षानुवर्षांचे ढीग उपसले, कागद किती दिवस ठेवायचा त्याप्रमाणे वेगळे केले आणि कचेरीची घडीच बदलली. लोक त्याला लखिना पॅटर्न म्हणू लागले. कचेऱ्यांत सहा गठ्ठ्यांची पद्धतही आहे. आपण करायचं ते एक, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहतोय ते दुसरं, ठरल्या वेळी पाठवायचे तक्ते, कायमचे आदेश, जपून ठेवायचं आणि शेवटी फाडून टाकायचं.

आपल्याला सहा लागत नाहीत. बियाण्याचं धान आणि खाण्याचं धान आपण एका ढोलीत कधी टाकतो का? तसंच हे. आमच्याकडे चार गठ्ठे आहेत. करायचं, वाट पाहायची, कायमचं आणि माणसागणिक लिफाफे. इतिवृत्ताची वही, रोख वही, बचत-कर्जाची खातेवही, बँकेचे करार, सह्या बदलल्याचे ठराव हे सगळं कायमच्यात जातं. सगळ्यात महत्त्वाचा गठ्ठा म्हणाल तर वाट पाहायचा. बँकेत कर्जाचा अर्ज दिला की त्याची पोच त्यात जाते, वर तारीख लिहून. दर बैठकीत तो गठ्ठा सोडायचा. महिना उलटला असेल तर एक बाई बँकेत जाऊन विचारते. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा, कारण साहेब तरी तेच म्हणतील.

रबर लावू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते वितळून कागदाला चिकटतं. सुती फडकं बांधा. जुन्या दप्तरांत त्यालाच रुमाल म्हणतात, पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद रुमालांनीच मोजतात. पेटी जमिनीवर नको, दोन विटांवर ठेवा.

आता मोबाईलकडे वळू. ठरावाचा फोटो व्हाट्सअपवर टाकला की काम झालं असं वाटतं. दोन महिन्यांनी तो शुभ सकाळच्या फुलांखाली गाडला जातो. त्यापेक्षा तो गटाच्या मेलवर पाठवा आणि विषयाच्या जागी मराठीतच लिहा, "12 जुलै, कर्ज ठराव, पोच". मग शोधायच्या खिडकीत "ठराव" टाकलं की समोर येतो. मेलमध्ये कप्पे करता येतात, पेटीतल्या गठ्ठ्यांचीच नावं त्यांना द्या. स्पॅमचा कप्पाही आठवड्यातून एकदा उघडून पाहा, कामाचं पत्र कधी कधी तिथे जाऊन पडतं.

पण खरी गोम वेगळीच आहे. पुष्कळ गटांचा मेल कोणीतरी भाच्याने, पुतण्याने आपल्या नंबरवर उघडून दिलेला असतो. पोरगा कामाला पुण्याला गेला, सिम बदललं, की ओटीपी त्याच्या बंद नंबरवर जातो आणि मेलला कुलूप लागतं. म्हणून मेलला गटातल्याच बाईचा नंबर जोडा, दुसरा नंबर सचिवाचा द्या. पासवर्ड कागदावर लिहून पाकीट चिकटवा, पाकिटावर अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या घ्या. पदाधिकारी बदलले की त्याच बैठकीत नंबर आणि पासवर्ड बदला आणि तसं इतिवृत्तात लिहा. ओटीपी मात्र फोनवर विचारणाऱ्या कोणालाही सांगायचा नाही, मग तो बँकेचा साहेब म्हणवो की आणखी कोणी.

पेटीची किल्ली एकीकडे आणि पासवर्डचं पाकीट दुसरीकडे ठेवा. आमच्याकडे या दोघी सख्ख्या जावा आहेत, त्यामुळे एकमेकींवर लक्ष भरपूर असतं.