अठरा वर्षे पूर्ण झाल्यानंतर

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर आजवर मोठे साहित्यिक आणि प्राध्यापक बोलून गेले. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. माझे शिक्षण डिप्लोमापर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत टेबलाच्या पलीकडे जी मुले उभी राहतात, त्यांतल्या काहींबद्दल मला आज बोलायचे आहे. ही मुले बालगृहात वाढलेली असतात. अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याने ती मूल राहत नाहीत आणि त्यांना बालगृह सोडावे लागते.

आपल्या घरात मुलाला अठरावे लागले की काय होते? मतदार यादीत नाव येते, गाडीचे लायसन्स निघते, आई औक्षण करते. या मुलांसाठी तो वाढदिवस म्हणजे निरोपाची तारीख. पंधरा-सोळाव्या वर्षापासून ती दिवस मोजू लागतात. एका प्रशिक्षणार्थीने मला सांगितले होते, "सर, सगळे म्हणतात मोठा झालास. पण मोठा होऊन जायचं कुठं, ते कुणी सांगत नाही."

ही सगळी मुले अनाथ असतात, असा आपला समज असतो. तसे नाही. काहींचे आई-वडील खरोखरच नाहीत. पण काहींची आई जिवंत आहे आणि तिने दुसरे लग्न केले आहे. काहींचे वडील तुरुंगात आहेत. काही लहानपणी रेल्वे स्टेशनवर सापडली आणि त्यांना गावाचे नाव नीट सांगता आले नाही. काही घरच्या माराला कंटाळून पळाली. नातेवाईक आहेत, पण दारात उभे करत नाहीत. ज्याचे कुणीच नाही त्याच्यापेक्षा, ज्याचे आहेत पण जे त्याला ओळख देत नाहीत, त्याचे दुःख मला जास्त कठीण वाटते.

आता कागदांकडे येतो, कारण आमच्याकडे सगळे कागदावर अडते. आपल्या मध्य प्रदेशात समग्र आयडीशिवाय पान हलत नाही हे तुम्ही जाणता. कुटुंबाचा आठ आकडी क्रमांक आणि त्यात प्रत्येक सदस्याचा नऊ आकडी क्रमांक. म्हणजे आधी कुटुंब, मग माणूस. शिष्यवृत्ती, फी माफी, सरकारी योजना, प्रत्येक ठिकाणी हा क्रमांक लागतो. ज्याला कुटुंबच नाही, त्याच्या बाबतीत गाडी पहिल्याच थांब्यावर अडकते. आधारवर पत्ता संस्थेचा असतो आणि संस्था तर सुटलेली असते. उत्पन्नाचा दाखला मागितला तर प्रश्न येतो, कुणाच्या उत्पन्नाचा? जातीच्या दाखल्यासाठी वडिलांची कागदपत्रे लागतात. इथे वडिलांचे नावही कधी कधी संस्थेने शाळेच्या रजिस्टरसाठी घातलेले असते.

हे सगळे धावपळ करून मार्गी लागते. बालकल्याण समितीचा आदेश, संस्थेचे पत्र, महिला व बाल विकास कार्यालयातल्या चार चकरा, आणि सोबत एखादे मोठे माणूस असेल तर काम होते. पण ते मोठे माणूसच नसते, ही खरी अडचण आहे.

कायदा याबद्दल गप्प नाही, हेही सांगायला हवे. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 46 मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांच्या पश्चात देखभालीची तरतूद आहे. ही मदत एकविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते, अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी महिना 4000 रुपये धरलेले आहेत. आपल्या राज्यात 2022 पासून मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजना आहे. तिच्यात बालगृहातून बाहेर पडलेल्या तरुणांना इंटर्नशिपच्या काळात महिना 5000 रुपये मिळतात. शेजारच्या महाराष्ट्रात 2018 पासून अनाथांसाठी शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे. गोव्यातल्या संस्थेत वाढलेल्या एका मुलीने स्पर्धा परीक्षेत आलेल्या अडचणीनंतर पाठपुरावा केला आणि त्यातून तो निर्णय झाला. एका मुलीच्या चिकाटीने शेकडो मुलांना वाट मिळाली.

मी स्वतः सरकारी नोकर आहे, सरकारला नावे ठेवायला इथे उभा नाही. पण सरकार पैसे देऊ शकते, वसतिगृह देऊ शकते, प्रशिक्षण देऊ शकते. "जेवलास का?" हा प्रश्न सरकार विचारू शकत नाही. त्या प्रश्नासाठी माणूस लागतो.

आमच्याकडची दोन उदाहरणे सांगतो. नावे सांगणार नाही. तसा कायदाही आहे आणि तसे करूही नये. एक मुलगा वर्कशॉपमध्ये फार हुशार. फायलिंगचा जॉब असा करायचा की काटकोन लावून बघितला तर उजेडाची फट दिसायची नाही. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे झाले. सगळी मुले गावी गेली. याला गाव नव्हते. तो सहा दिवस स्टेशनच्या आसपास काढून परत आला आणि कुणी विचारले तेव्हा म्हणाला, मामाकडे गेलो होतो. मामा नव्हताच. दुसऱ्या मुलाला पीथमपूरला अप्रेंटिसशिप मिळाली. खोली भाड्याने घ्यायला गेला. घरमालकाने पहिला प्रश्न विचारला, "घरात कोण कोण आहे?" दुसरा विचारला, "कोणत्या समाजाचे?" दोन्ही प्रश्नांना उत्तर नव्हते. सात घरे झाली. आठव्या घरी त्याने खोटे आडनाव सांगितले. त्याला खोली मिळाली. पण पोलीस पडताळणीत आधारवरचे नाव वेगळे निघाले आणि खोलीही गेली, विश्वासही गेला. पुढे त्याने अप्रेंटिसशिप अर्धवट सोडली. तो आता कुठे आहे, मला ठाऊक नाही.

मंडळी, "कोण, कुठला, कुणाचा?" हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. आपण माउली म्हणून ज्यांच्यापुढे हात जोडतो, त्यांचे बालपण आठवा. विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, म्हणून समाजाने घरावर बहिष्कार टाकला. पुढे आई-वडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार पोरकी भावंडे "संन्याशाची पोरे" म्हणून हिणवली गेली आणि शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली, असे परंपरा सांगते. आपण ती गोष्ट ऐकताना रेड्याच्या चमत्काराकडे बघतो. मला त्यात चार मुले आणि एक कागद दिसतो. आम्हाला आपले म्हणा, एवढेच त्यांना लिहून हवे होते. त्यानंतर ती नेवाशाला गेली. तिथे सच्चिदानंदबाबा लिहून घ्यायला बसले आणि 1290 साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ज्ञानदेवांचा जन्म 1275 चा धरला तर तेव्हा त्यांचे वय पंधरा. पैठणने पत्र दिले की नाही हा अभ्यासकांचा विषय. माझ्या दृष्टीने नेवाशाला त्या मुलांना बसायला जागा आणि ऐकणारा माणूस मिळाला, हे महत्त्वाचे.

दुसरे उदाहरण जवळच्या काळातले. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला, तो यशवंत. तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये त्याने रुग्णांवर उपचार केले आणि त्याच साथीत रुग्णसेवा करताना सावित्रीबाई गेल्या. ज्या मुलाला लोक जन्मावरून नाकारत होते, तो साथीत लोकांसाठी उभा राहिला, कारण त्याला कुणीतरी आपले नाव दिले होते.

आणि एक रीत तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरात होती. वार लावून जेवणे. गरीब विद्यार्थी शहरात शिकायला यायचा आणि सात घरी सात वार ठरायचे. सोमवार एका वाड्यात, मंगळवार दुसऱ्या. रामबाग, नारायण बागेतल्या जुन्या घरांत विचारा, आमच्याकडे गुरुवारचा मुलगा असायचा असे सांगणारे आजी-आजोबा अजून भेटतील. पुण्यात माधुकरी मागून शिकणाऱ्या मुलांसाठी 1909 साली अनाथ विद्यार्थी गृह उभे राहिले, आज ते पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखले जाते. या रीतीत दोष होता. वार जातीच्या आतच लागत असे आणि वारकरी मुलाला कधी ओटीवर, कधी उष्ट्याशेजारी बसावे लागे. तो दोष टाकून देऊ. पण तिच्यातली एक गोष्ट फार शहाणपणाची होती. एका घरावर सगळा भार पडत नव्हता आणि मुलाला सात घरे मिळत होती. त्याचा चेहरा उतरला तर सातांपैकी एका घरी तरी ते लक्षात येत होते.

आपल्यापैकी बरेच जण वाढदिवसाला किंवा वडिलांच्या श्राद्धाला बालगृहात जेवण देतात. चांगले आहे, द्यावे. पण सतरा वर्षांच्या मुलाला आपण श्रीखंड-पुरी वाढतो आणि अठराव्या वर्षी तोच मुलगा आपल्या गल्लीत खोली मागायला आला तर दार लावून घेतो. हा विरोधाभास आपणच दूर करू शकतो.

आपल्या मनातल्या शंका मी जाणतो. मुलगा कसा निघेल? घरात मुली आहेत, वृद्ध आई-वडील आहेत. शंका रास्त आहे. म्हणून मी कुणालाही घरात ठेवून घ्या असे म्हणत नाही, आणि सगळे परस्पर नव्हे, रीतसर व्हावे असे म्हणतो. आज मंडळापुढे तीन विनंत्या ठेवतो.

पहिली, वार लावा. सात कुटुंबांनी मिळून एका तरुणाचे पालक व्हावे. आठवड्यातून प्रत्येकाचा एक दिवस. त्या दिवशी एक फोन आणि जमेल तेव्हा एक जेवण. दिवाळी, संक्रांत आणि गणपतीत त्याला घरी बोलवा, पंगतीत आपल्या शेजारी बसवा. जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात जाऊन मंडळाच्या नावाने अर्ज द्यायचा, त्यांच्यामार्फतच तरुणाशी गाठ घालून घ्यायची. त्याचे फोटो काढून समूहावर टाकायचे नाहीत.

दुसरी, कागदांची सोबत. आपल्या मंडळात निवृत्त तहसील कर्मचारी आहेत, बँकेतले आहेत, वकील आहेत. दाखला, बँक खाते, समग्रची दुरुस्ती, भाडेकरार, या कामांसाठी महिन्यातला एक रविवार सकाळचे दोन तास द्या. तुम्ही नुसते शेजारी उभे राहिलात तरी खिडकीपलीकडच्या माणसाचा आवाज बदलतो, हा माझा अनुभव आहे.

तिसरी, खोल्या. लोकमान्य नगर, सुदामा नगरातल्या किती घरांत वरचा मजला रिकामा आहे! मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशात गेली. भाडे घ्या, करार करा, पडताळणी करा. फक्त "कोणत्या समाजाचा?" हा प्रश्न गाळा.

आपले पूर्वजही होळकरांच्या काळात दख्खनेतून या माळव्यात आले तेव्हा परकेच होते. कुणीतरी जागा दिली, म्हणून आज आपण इथे गणपती बसवतो. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता याच सभागृहात पहिल्या सात कुटुंबांची यादी करायची आहे. माझे कुटुंब धरून एक झाले. सहा हवेत.

 गणपती बाप्पा मोरया!