कोरडवाहू मुलखातली बेटे आणि पोलीस शिपाई

(कार्यकर्त्यांपुढील भाषण)



वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही ऐन श्रावणात मानोरा किंवा मालेगाव तालुक्यात आडवाटेने पायपीट करणाऱ्याला येथली बेटे ठाऊक आहेत. नाल्याला पूर आला, काळ्या मातीत गाडीचे चाक रुतले, की बंजाऱ्यांचा तांडा आणि फासेपारध्यांचा बेडा उरलेल्या जगापासून तुटतो. पाणी ओसरते, तुटलेपण ओसरत नाही, कारण ते पावसाने आणलेले नाही.

इंग्रजांनी १८६१ साली पोलीस कायदा केला आणि १८७१ साली गुन्हेगार जमातींचा. ही सख्खी भावंडे. पहिल्याने शिपायाला हुकूम झेलणारे यंत्र बनवले. दुसऱ्याने त्या यंत्रापुढे उभी करण्यासाठी माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरवली. दुसरा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला खरा, पण ठाण्याच्या आठवणीतून तो पुसला गेलेला नाही. चोरी कोठेही होवो, पहिला संशय बेड्यावर! बेड्यातले पोर खाकी पाहते ते झडतीच्या पहाटे; तक्रार नोंदवून घेणारी खाकी त्याच्या क्वचितच दृष्टीस पडते.

मग ज्याच्या लाठीचा मार मोर्चात खाल्ला, त्याच शिपायाच्या मनोधैर्याची काळजी समाजवाद्यांनी का वाहावी? प्रश्न रास्त आहे. पण हा शिपाई बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याचाच मुलगा असतो. निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, पोहरादेवीची रामनवमीची यात्रा, सर्व बंदोबस्त त्याच्याच माथी. १९६६ च्या केंद्रीय कायद्याने परवानगीवाचून संघटना करण्याचा त्याचा हक्क हिरावला. जनता सरकारने १९७७ साली नेमलेल्या धर्मवीर आयोगाने पहिल्याच अहवालात शिपायाच्या गाऱ्हाण्यांना हात घातला. अहवाल आठ झाले, अंमलबजावणी फारच थोडी. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईचे शिपाई संपावर गेले तेव्हा गिरणी कामगारांचा संप चालूच होता. सरकारने लष्कर बोलावले आणि पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली. ज्याला वरच्याकडून न्याय नाही, तो खालच्याला न्याय देईल ही अपेक्षा भाबडी आहे. शिपायाचा अपमान उतरणीला लागतो आणि अखेर बेड्यावर येऊन थांबतो. (यामुळे कोठडीतला मार क्षम्य ठरत नाही, हेही बजावले पाहिजे.)

लोकांचा पाठिंबा हा शब्दही तपासून घ्यावा. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावाने आपले तंटे सामोपचाराने मिटवावेत, ही कल्पना चांगलीच होती; तांड्यात नाईक आणि कारभारी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. पण गाव म्हणजे कोण? समितीत मोठ्या जातींचे बहुमत असेल तर पोलिसांना मिळणारा पाठिंबा त्या बहुमताचा. बेडा पुन्हा एकाकीच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. जमाव तेथे लोकच होता. अशा वेळी मूठभर शिपायांनी जमावापुढे उभे राहावे असे वाटत असेल, तर या माणसांचा जीव आपल्या जिवाइतकाच मोलाचा आहे हे त्यांना आधीपासून पटलेले हवे. ते झडतीतून पटत नाही.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला; मुख्यालय जवळ आले, तांडा होता तेथेच राहिला. पुष्कळ तांड्यांना स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा नाही. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखालचा पोलीस पाटील बसतो मूळ गावात. तेव्हा सहाही तालुक्यांतल्या साथींनी पावसाळ्यापूर्वी तांड्यांची आणि बेड्यांची यादी करावी: पोलीस पाटील किती अंतरावर, वाट बारमाही आहे की नाही, गेल्या वर्षी कोणाची तक्रार नोंदवून घेतली नाही. त्याच फेरीत पोलीस वसाहतीतही जावे, गळकी छपरे पाहावीत, शिपायांच्या बायकांशी बोलावे. दोन्ही गाऱ्हाणी एकाच निवेदनात मांडून ते जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती द्यावे, आणि ते देताना बेड्यातला माणूस पुढे असावा.