निष्ठा आणि बाहेर पडण्याची वाट

केवळ व्युत्पत्ती पाहिली तर या विषयाचा निकाल आधीच लागलेला आहे असे वाटेल, कारण ‘निष्ठा’ या शब्दात स्थिर उभे राहण्याचा धातू आहे आणि ‘प्रगती’ या शब्दात पुढे जाण्याचा. परंतु उभा असलेला माणूस कशावर उभा आहे आणि चालणारा कोठे निघाला आहे, हे व्युत्पत्ती सांगत नाही. महाराष्ट्राच्या अलीकडच्या राजकारणात ‘निष्ठावंत’ आणि ‘गद्दार’ ही विशेषणे इतकी स्वस्त झाली आहेत की त्या बाजारातून हा प्रश्न बाहेर काढून कामगार चळवळीच्या इतिहासात तपासणे अधिक उपयोगाचे ठरावे. आणि त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा मुंबईतल्या कापडगिरण्यांच्या गिरणगावातून नव्हे, तर उपनगरातल्या घाटकोपरच्या पंतनगरातून निघतो.

पंतनगरात दवाखाना चालवणारे डॉ. दत्ता सामंत परिसरातील दगडखाणींतल्या मजुरांवर उपचार करता करता त्यांचे पुढारी झाले, आणि 1970 नंतरच्या दशकात कुर्ला, विक्रोळी, भांडुप, मुलुंड या पट्ट्यातील कारखान्यांत त्यांचे नाव पगारवाढीशी जोडले गेले. त्यांची पद्धत सरळ होती: एका कारखान्यातील कामगारांनी बोलवायचे, मोठी मागणी ठेवायची, कंपनीच्या ताळेबंदाच्या चर्चेत फारसे न गुंतता संप ताणायचा आणि करार पदरात पाडायचा. मोटारी, यंत्रे, औषधे बनवणाऱ्या त्या काळच्या अनेक कंपन्यांना उत्पादन थांबणे पगारवाढीपेक्षा महाग पडत असल्याने ही पद्धत बऱ्याचदा फळली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या कामगारांनी सामंतांकडे जाताना जुन्या संघटना सोडल्या होत्या. म्हणजे उपनगरातील ‘सामंतनिष्ठा’ ही मुळात एका निष्ठात्यागातून जन्मली होती.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनात या प्रक्रियेला तीन संज्ञा दिल्या. संस्था बिघडू लागली की सभासद एकतर ती सोडतो, याला ‘निर्गमन’ म्हणावे. किंवा आत राहून तक्रार करतो, याला ‘आवाज’ म्हणावे. आणि निष्ठा ही निर्गमन लांबवून आवाजाला वेळ मिळवून देणारी शक्ती होय. मात्र त्यासाठी बाहेरची वाट उघडी असावी लागते, कारण जो सोडून जाऊच शकत नाही त्याच्या थांबण्याचा अर्थ नेत्याला किंवा मालकाला कळत नाही.

कापडगिरण्यांत नेमकी हीच वाट कायद्याने बंद होती. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एखाद्या क्षेत्रातील उद्योगात ठरावीक प्रमाणात सभासद असलेली संघटना ‘प्रातिनिधिक’ ठरते आणि मालकांशी वाटाघाटी करण्याचा अधिकार तिच्याकडेच राहतो. मुंबईच्या गिरण्यांत हे स्थान काँग्रेसशी जोडलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होते. कामगारांचा त्या संघावरचा विश्वास उडाला तरी कागदोपत्री प्रतिनिधी तोच राहिला, आणि ज्याला निष्ठा म्हणून मोजले जात होते ती प्रत्यक्षात केवळ नोंद होती. 1981 च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष पेटला तेव्हा गिरणी कामगार पंतनगरात जाऊन थडकले, ते या कोंडीतून सुटण्यासाठी. म्हणूनच पगारवाढीइतकीच हा कायदा रद्द करण्याची मागणीही महत्त्वाची ठरली.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. परंतु उपनगरात जिंकलेली पद्धत येथे जशीच्या तशी आणली गेली, आणि चूक शोधायची तर ती येथे शोधावी लागते. अनेक गिरण्यांची यंत्रे जुनाट होती, कापड भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर स्वस्तात विणून घेता येत होते आणि काही मालकांना गिरणी बंद राहण्याची फारशी भीती उरली नव्हती. मोटार कारखान्यात संप हे मालकाचे नुकसान होते. गिरणीत ते हळूहळू कामगाराचेच होत गेले. नेत्यावरील निष्ठेने हा फरक विचारात घेतला नाही. महिने लोटत गेले तेव्हा माघारीचा विषय काढणारा फितूर ठरण्याचा धोका होता, आणि ज्यांनी एक बंद दार फोडून नेता निवडला त्यांच्यापुढे दुसरे बंद दार तयार झाले.

तथापि सगळा दोष निष्ठेच्या माथी मारणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. वसाहतकाळापासून कारखानदारीचे जाणकार अशी तक्रार करीत आले की कोकणातला आणि घाटावरचा कामगार गावाशी बांधलेला असल्याने तो पुरता औद्योगिक होत नाही, म्हणजेच त्याची गावनिष्ठा प्रगतीच्या आड येते. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने मात्र 1931 च्या अहवालात गावाशी असलेला हा दुवा कामगाराची जमेची बाजू मानला आणि तो तोडू नये असे सांगितले. 1982 साली असंख्य कुटुंबे गावी परतली आणि तेथील शेतीच्या तुकड्यावर तग धरून राहिली. एक निष्ठा संप लांबवत होती आणि दुसरी त्या लांबलेल्या संपात माणसे जगवत होती. यांतील कोणती मागासलेली, हे शहरातल्या खुर्चीवरून ठरवणे कठीण आहे.

शिवाय ‘प्रगती’ म्हणून जे पुढे आले तेही तपासावे लागते. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याचा मार्ग मोकळा केला, आणि परळचा कापडधंदा सावरण्याऐवजी मॉल व कार्यालये उभी राहिली. कुर्ला ते मुलुंड या लाल बहादूर शास्त्री मार्गावरही कारखान्यांच्या जागी मनोरे आले. कामगारांनी 1982 मध्ये लवकर माघार घेतली असती तर ही वाटचाल थांबली असती, असे मानायला आधार सापडत नाही.

संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. डिसेंबर 1984 च्या लोकसभा निवडणुकीत, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेसच्या लाटेतही, दत्ता सामंत दक्षिण मध्य मुंबईतून निवडून आले. म्हणजे संपाने ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांच्या वस्त्यांनीही सामंतांना मते दिली. 16 जानेवारी 1997 रोजी पवईत त्यांची हत्या झाली. पुढे गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या घरांची सोडत निघू लागली तेव्हा पात्रतेसाठी शासनाने 1 जानेवारी 1982 ही तारीख धरली: त्या दिवशी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर ज्याचे नाव होते, त्याने किंवा त्याच्या वारसाने अर्ज करावा. कामगार संपात राहिला की फुटून कामावर गेला, याची विचारणा त्या निकषात नाही.