आपला काटा आपल्या घरात
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



ऊस कारखान्यावर जातो, काटा कारखान्याचा. कापूस बाजारात जातो, काटा व्यापाऱ्याचा. माल आपला, वजन दुसऱ्याचे, आणि चिठ्ठीवर येईल तो आकडा खरा.

२०२४ साली प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली. ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान. छपरावर सौर पॅनेल बसले, आपण वीज पिकवू लागलो. पण काटा? मीटर वीज कंपनीचा. इन्व्हर्टरचे आकडे जातात तो बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर आणि तिथून फिरून आपल्या मोबाईलवर येतात. नेट गेले की आपल्याच छपरावर काय पिकले ते आपल्याला ठाऊक नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!

आमच्या एका कार्यकर्त्याच्या घरचे सांगतो. भर उन्हाळ्यात बिल उतरेना. पॅनेल बसवणारा म्हणाला, धूळ बसली आहे. धुतले, फरक नाही. मग आम्ही इन्व्हर्टर घरातल्या एका छोट्या संगणकाला जोडला. दर मिनिटाला नोंद. चौथ्या दिवशी उलगडा झाला. दुपारी गावात विजेचा वापर कमी, लाईनचा दाब मर्यादेपलीकडे चढे, की इन्व्हर्टर स्वतःहून बंद. थोड्या वेळाने चालू, पुन्हा बंद. सगळ्यात चांगल्या उन्हाचे पीक वाया! मोबाईलवर आम्ही पाहत होतो ती फक्त दिवसाची बेरीज. नोंदींचा कागद घेऊन आम्ही वीज कार्यालयात गेलो, तेव्हा कुठे दाब उतरवला गेला.

हे जोडकाम अवघड नाही. बहुतेक इन्व्हर्टरला खालच्या बाजूला आरएस-४८५ नावाची जागा असते. तिथून दोन तारा निघतात, ए आणि बी. त्यांवरून इन्व्हर्टर ‘मोडबस’ भाषेत बोलतो. ही भाषा १९७९ पासून कारखान्यांत चालते, ती कोणा एकाची मिरास नाही. तार हजार मीटरपर्यंत नेता येते. याच दोन तारांवर मीटरही जोडता येतो, फक्त प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्यावा. संगणकावर ‘होम असिस्टंट’ ही फुकट मिळणारी, खुली प्रणाली टाकावी. तिला नेट लागतेच असे नाही, नोंद घरातच राहते. कोणत्या रजिस्टरमध्ये कोणता आकडा आहे, त्याची यादी उत्पादकाकडून मागून घ्यावी. इन्व्हर्टर विकत घेतानाच मागावी. पैसे दिल्यावर कोणी दाद देत नाही.

वीज कंपनीच्या मीटरचे सील तोडू नका, तो गुन्हा आहे. त्याच्या लुकलुकणाऱ्या दिव्यावरून युनिट मोजता येतात, पण वीज आत आली की बाहेर गेली हे दिवा सांगत नाही. म्हणून त्याच्या पुढे, घराच्या बाजूला, दोन्ही दिशा मोजणारा आपला मीटर जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावा.

आकडे हाती आले की घर कामाला लावता येते. पॅनेल जोरात चालू झाले की टाकीची मोटर, गीझर आपोआप सुरू. दुपारी घरातच वीज वापरली की लाईनवरचा दाबही थोडा हलका होतो.

दोन सावधगिरी. संगणकाला इन्व्हर्टरचे आकडे फक्त वाचू द्या, त्याची सेटिंग बदलू देऊ नका. आणि इन्व्हर्टर नेटवर उघडा टाकू नका, पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

कृषी महाविद्यालयात आम्हाला रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचायला लावत. कंटाळा यायचा. पण नोंद नसेल तर पाऊस किती पडला यावर नुसता वाद होतो, हे तिथेच शिकलो. आपली वही वीज कंपनी प्रमाण मानीलच असे नाही. पण मीटर तपासणी मागायला, आणि २००३ च्या वीज कायद्याखालच्या ग्राहक तक्रार निवारण मंचापुढे उभे राहायला हातात कागद लागतो.

म्हणून प्रत्येक तालुक्यात निदान एका घरी असा काटा बसवू या. पुढच्या मेळाव्याला येताना तक्रार आणू नका, तीन महिन्यांच्या नोंदी आणा. भांडायचे कसे ते त्यांवरून ठरवू.