कुठला पूर?

हेडफोन लावून लोकलच्या दारात उभे असाल तर आधी आत सरका. मी कुठे जात नाही.

आजचा विषय आहे वय. माझं वय. तुमचं अजून विषय व्हायच्या लायकीचं झालेलं नाही.

आपलं वय झालं हे कळतं कधी? केस, गुडघे, चष्मा ही सगळी नंतरची भानगड. आपण एखादा शब्द सहज बोलून जातो आणि समोरच्याला तो समजावून सांगावा लागतो, तिथे पहिल्यांदा कळतं.

परवा ऑफिसात जोरात पाऊस लागला. सगळे खिडकीपाशी. मी म्हटलं, "हा काय सव्वीस जुलै नाहीये, थांबेल." शेजारी बसणारा एकवीस वर्षांचा मुलगा म्हणाला, "सर, सव्वीस जुलै म्हणजे कारगिल विजय दिवस ना? १९९९!"

उत्तर एकदम बरोबर. पोरगा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करून आलाय, तारखा तोंडपाठ. पण मुंबईत माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, त्याला आधी २००५ आठवणार. मंगळवार होता. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. म्हणजे दक्षिण मुंबईत बसलेल्याला पत्ताच नाही की उपनगरं बुडतायत. त्यात भरती, त्यामुळे पाणी समुद्रात जायला तयार नाही. मिठी नदी कुर्ला, कलिना सगळीकडे घुसली. मोबाइल लागेनात. मी एकोणीस वर्षांचा होतो, दादरहून घाटकोपरला चालत आलो. वाटेत अनोळखी लोक हात धरून साखळी करून पाण्यातून माणसं पार करत होते, चहा-बिस्किटं देत होते. काही जण मात्र बंद गाडीत काच खाली होईना म्हणून गुदमरून गेले. महाराष्ट्रात त्या पावसात हजाराहून जास्त माणसं गेली.

आणि त्या मुलाचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. त्याला हे कुणी सांगणार कधी?

माझी आजी पुण्याची. तिच्या बोलण्यात कायम दोन काळ असायचे, 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर'. लहानपणी मी एकदा विचारलं, "कुठला पूर गं आजी?" ती माझ्याकडे बघतच राहिली. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं आणि अर्धं पुणं पाण्यात गेलं. तिच्यासाठी जगात पूर एकच होता. त्याला वर्ष लावावं लागेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. तिच्या त्या बघण्याचा अर्थ मला आत्ता, चाळिशीत कळतोय.

आता तुम्ही ते रील्स बघितले असतील. कॅसेट आणि पेन्सिलचा संबंध सांगा, नाही आलं तर तुम्ही आजकालची पोरं! मला ते पटत नाही. कॅसेट गेली, तिच्याबरोबर ती पेन्सिलही गेली. नाही माहीत तर नाही माहीत, काही बिघडत नाही. पण मिठी नदी कुठे गेली? ती तिथेच आहे. सखल भाग तिथेच आहेत, भरती रोज येते. वस्तूंची माहिती वस्तूंबरोबर संपली तर चालेल, जागेची माहिती संपून चालत नाही. पाणी वाढताना गाडीत बसून राहायचं नाही, हे कुठल्या जीकेच्या पुस्तकात येतं?

बरं, हे एकतर्फी नाही हं. त्या दिवशी त्याच मुलाने फोन काढला आणि अर्ध्या मिनिटात भरतीची वेळ आणि पावसाचं रडार दाखवलं. २००५ साली आमच्याकडे यातलं काही नव्हतं. पाणी कुठे भरतं ते मला माहीत, कधी भरेल ते बघायचं कसं ते त्याला माहीत. दोघं मिळून वेळेत घरी पोचलो.

तर मंडळी, आज एक काम करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, "पूर म्हटलं की तुम्हाला कुठलं वर्ष आठवतं?" सांगलीत, कोल्हापुरात कुणी २०१९ म्हणेल, चिपळूणला २०२१. मग विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं? भिंतीवर हात लावून दाखवतील बघा. तेवढं लक्षात ठेवा.

आणि फार हसू नका आम्हाला. अजून दहा-पंधरा वर्षांनी एखादं पोरगं तुम्हाला विचारेल, "लॉकडाऊन? कुठला?" तुम्ही त्याच्याकडे बघतच राहाल. तेव्हा चिडू नका. बसवा त्याला जवळ आणि सांगा.

काळजी घ्या, छत्री घ्या. भेटू पुढच्या भागात!